वनस्पतीचा गुण कशाने सिद्ध होतो?

शतावरीने बाळंतिणीला दूध चांगले येते, अशोकाच्या सालीने अंगावरून फार जाणे थांबते, बाळंतशोपांनी पाळी सुधारते, अश्वगंधाने थायरॉइड ताळ्यावर येतो. मराठी घरांत, वैद्यांच्या दवाखान्यांत आणि औषधांच्या वेष्टनांवर ही विधाने सारख्याच खात्रीने केली जातात. त्यांच्यामागचा आधार मात्र सारखा नाही. एकामागे ग्रंथवचन आहे, दुसऱ्यामागे कित्येक पिढ्यांतील स्त्रियांचा अनुभव, तिसऱ्यामागे दोन्ही, तर चौथ्यामागे अलीकडच्या काही वर्षांतले लहान प्रयोग. म्हणून स्त्रियांच्या संप्रेरक-विकारांवर वनौषधी उपयोगी आहेत का, या प्रश्नाच्या आधी आणखी एक प्रश्न उभा राहतो. एखादी वनस्पती उपयोगी आहे असे म्हणण्याचा अधिकार कशाने मिळतो? हा प्रश्न वैद्यकाचा आहे तितकाच प्रमाणशास्त्राचा आहे, आणि भारतीय दर्शनांनी तो फार पूर्वीच हाती घेतला होता.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या अध्यायात परीक्षेचे चार मार्ग सांगितले आहेत : आप्तोपदेश, प्रत्यक्ष, अनुमान आणि युक्ति. अध्यायात त्यांचा वापर पुनर्जन्म सिद्ध करण्यासाठी केला आहे, औषधाच्या गुणासाठी नव्हे. पण वैद्याने कोणतीही गोष्ट कशी पारखावी, याची ती सर्वसाधारण चौकट आहे. पहिली तीन प्रमाणे इतर दर्शनांनाही ओळखीची आहेत. युक्ति हे चरकाचे खास. पाणी, नांगरट, बी आणि ऋतू यांचा मेळ बसला की पीक येते, यांपैकी एकटे कोणीही पीक देत नाही, असे उदाहरण तो देतो. अनेक कारणांच्या संयोगातून एक कार्य कसे घडते हे ओळखणारी बुद्धी म्हणजे युक्ति. संप्रेरकांच्या बाबतीत हे प्रमाण किती नेमके लागू पडते हे पुढे दिसेल, कारण मासिक पाळी हेही एका कारणाचे कार्य नाही. मेंदूतील पोषग्रंथी, बीजांडकोश, थायरॉइड, इन्सुलिन, झोप, वजन आणि ताण यांचा तो संयोग आहे.

आप्तोपदेश म्हणजे विश्वसनीय माणसाचे वचन. आप्त कोण? रज आणि तम यांपासून मुक्त झालेला, ज्याच्या ज्ञानात खोट नाही असा, हे चरकाचे उत्तर. न्यायभाष्यकार वात्स्यायनाचे उत्तर अधिक व्यवहारी आहे. ज्याने गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू होते. ही व्याख्या मनावर घेतली तर आप्तांच्या यादीत संहिताकारांबरोबर गावची सुईणही येते आणि परदेशातला प्रयोगकर्ताही येतो. चरकानेही सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात मान्य केले आहे की वनस्पतींची नावे आणि रूपे शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांना, गुराख्यांना आणि वनवासी लोकांना ठाऊक असतात. त्याच ठिकाणी तो असेही बजावतो की नाव-रूप कळले म्हणजे उपयोग कळला असे नाही.

आयुर्वेदाच्या वचनाला प्रामाण्य कशामुळे, याचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर न्यायसूत्रांत आहे. वेद प्रमाण का मानावेत, या शंकेला उत्तर देताना गौतम मंत्र आणि आयुर्वेद यांचा दाखला देतो. आयुर्वेदात सांगितलेले औषध घेतले की सांगितलेले फळ इथेच, डोळ्यांसमोर मिळते. त्यावरून ते सांगणारे आप्त ठरतात. आणि आप्तांचे वचन म्हणून वेदही प्रमाण. या युक्तिवादाची दिशा लक्षात घेण्याजोगी आहे. आयुर्वेद खरा का, तर तो ऋषींनी सांगितला म्हणून, असे गौतम म्हणत नाही. ऋषी विश्वसनीय का, तर त्यांचा आयुर्वेद खरा ठरतो म्हणून, असे तो म्हणतो. म्हणजे ग्रंथवचनाचे प्रामाण्य शेवटी रोग्याच्या शरीरात दिसणाऱ्या फळावर उभे आहे. फळ तपासायचे नाही आणि वचन मात्र मानायचे, ही भूमिका परंपरानिष्ठ वाटते; तिला न्यायदर्शनाचा आधार नाही.

यावर एक गंभीर आक्षेप परंपरेच्या आतूनच आला. नवव्या शतकातील काश्मिरी नैयायिक जयंतभट्टाने न्यायमंजरीत विचारले की, औषध दिले की रोग जातो, न दिले की जात नाही, अशा अन्वयव्यतिरेकाने आयुर्वेद उभा राहिला असे मानता येईल का? त्याच्या मते नाही. द्रव्ये असंख्य, त्यांचे संयोग असंख्य, देश, काल आणि प्रकृती यांचे भेद असंख्य. एका माणसाचे आयुष्य त्याला पुरणार नाही. म्हणून चरकादी ऋषी सर्वज्ञच असले पाहिजेत, असा त्याचा निष्कर्ष. जयंतभट्टाने दाखवलेली अडचण खरी आहे. पण तिच्यातून निघण्याची दुसरी वाटही आहे : एकाचे आयुष्य पुरत नसेल, तर अनेकांनी, अनेक पिढ्यांत, लिहून ठेवून आणि एकमेकांचे तपासून ते काम करावे. ग्रंथांचा इतिहास पाहिला तर आयुर्वेदात नेमके हेच घडत गेलेले दिसते.

अशोकाचेच घ्यावे. आज अशोक म्हटले की स्त्रीरोग आठवतात. चरकाने मात्र तो वेदनास्थापन गणात, म्हणजे वेदना शमवणाऱ्या दहा द्रव्यांत ठेवला आहे. अतिरिक्त रक्तस्रावावर अशोकाच्या सालीचा दुधातला काढा ठळकपणे येतो तो अकराव्या शतकातील चक्रदत्तात, आणि आज सर्वांत खपणारे अशोकारिष्ट त्याहून बरेच उशिराच्या भैषज्यरत्नावलीतले आहे. लोध्राची कथा वेगळी. ते चरकाच्या शोणितस्थापन, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या द्रव्यांच्या गणात आहे, आणि चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात जिथे वीस योनिव्यापदांचे, म्हणजे स्त्रियांच्या जननेंद्रियांच्या विकारांचे वर्णन आहे तिथे पुष्यानुग चूर्णातही आहे. शतावरीचे घृत त्याच अध्यायात येते. काश्यपसंहितेत तर शतावरी आणि शतपुष्पा यांवर स्वतंत्र कल्प आहे. पाळी न येणाऱ्या, फार जाणाऱ्या, फार कमी जाणाऱ्या आणि पाळी येऊनही गर्भ न राहणाऱ्या स्त्रियांसाठी तिथे शतपुष्पा, म्हणजे आपल्या बाळंतशोपा, सांगितली आहे. ही संहिता नेपाळातील एका खंडित हस्तलिखितावरून १९३८ साली छापली गेली. महाराष्ट्रातल्या बाळंतिणींना बाळंतशोपा देणाऱ्या आज्यांनी ती वाचलेली असण्याचा प्रश्नच नव्हता. ग्रंथाची परंपरा खंडित झाली होती, स्वयंपाकघरातली चालू होती. अळिवाचे लाडू, डिंक, मेथी आणि बाळंतशोपा यांचे ज्ञान नाव नसलेल्या स्त्रियांनी सांभाळले, आणि वात्स्यायनाच्या व्याख्येप्रमाणे त्याही आप्तच ठरतात.

आधुनिक भारतीय कायद्याने यांतल्या एकाच आप्ताला अधिकृत जागा दिली. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा १९४० चा. १९६४ च्या दुरुस्तीने त्यात आयुर्वेदिक आणि युनानी औषधांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रमाणभूत ग्रंथांची यादी आहे. त्यांपैकी एखाद्या ग्रंथातील पाठाप्रमाणे, त्याच रोगासाठी औषध बनवायचे असेल तर परवान्यासाठी ग्रंथाचा आधार पुरतो. नव्याने उपयुक्तता सिद्ध करावी लागत नाही. विसाव्या शतकातील लोकशाही राज्याने शब्दप्रमाणाला कायद्याचे बळ द्यावे, ही तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने फार मोठी घटना आहे. परवाना देण्यापुरती ही तरतूद समजण्यासारखी आहे. मात्र परवाना म्हणजे गुणाची सिद्धता, असा समज त्यातून पसरला, आणि तो चुकीचा आहे. दुसऱ्या एका कायद्याने अधिक सावध भूमिका घेतली होती. १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने स्त्रियांच्या मासिक पाळीतील बिघाड दुरुस्त करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना मनाई केली आहे. आज अशा जाहिराती कुठेही दिसतात, हे त्या कायद्याच्या अंमलबजावणीचे अपयश आहे.

ग्रंथवचन मान्य केले तरी एक अडचण उरते. ते वचन आजच्याच रोगाविषयी आहे का? संप्रेरक ही संकल्पना १९०५ साली अर्नेस्ट स्टार्लिंगने मांडली. इस्ट्रोन हे पहिले स्त्री-संप्रेरक शुद्ध रूपात हाती आले ते १९२९ मध्ये. आज पीसीओडी किंवा पीसीओएस या नावांनी ओळखला जाणारा विकार स्टाइन आणि लेव्हेंथल या शिकागोच्या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात स्त्रियांच्या आधारे वर्णिला. त्याची आजची व्याख्या २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरली. तीनपैकी दोन लक्षणे असली तरी निदान होते, म्हणून एकाच नावाखाली बऱ्याच वेगळ्या स्त्रिया येतात. एकीची पाळी लांबते आणि अंगावर केस वाढतात. दुसरीला केसांचा त्रास नाही, पण सोनोग्राफीत बीजांडकोश मोठे दिसतात. संहिताकारांचे आर्तवक्षय (पाळी कमी होणे) किंवा नष्टार्तव (पाळी बंद होणे) म्हणजे पीसीओएस, असे समीकरण पाठ्यपुस्तकांत सहज मांडले जाते. ते सहज मांडण्यासारखे नाही. संहिताकारांनी लक्षणांचा एक समूह पाहिला आणि त्याची संगती दोषांत लावली. आजचा डॉक्टर लक्षणांचा काहीसा वेगळा समूह पाहतो आणि त्याची संगती संप्रेरकांत लावतो. दोन्ही समूह काही ठिकाणी एकमेकांवर पडतात, काही ठिकाणी नाही. म्हणून नष्टार्तवावरचे औषध पीसीओएसवर चालेल ही एक चांगली शंका आहे, तपासण्याजोगी आहे. ते ज्ञान नव्हे.

प्रत्यक्षाचा प्रश्न स्त्रीरोगांत विशेष नाजूक होतो. कोणाचे प्रत्यक्ष? २०१० साली ब्रिटनमध्ये पीसीओएस असलेल्या ४२ स्त्रियांवर पुदिन्याच्या चहाचा एक प्रयोग झाला. महिनाभर रोज दोन वेळा काहींना पुदिन्याचा आणि काहींना दुसऱ्या वनस्पतीचा चहा दिला. पुदिना घेणाऱ्यांच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन कमी झाले. अंगावरच्या केसांचा त्रास कमी झाला असे त्या स्त्रियांनी स्वतः सांगितले. पण ठरलेल्या मोजपट्टीने केस मोजले तेव्हा फरक आढळला नाही. तीन प्रत्यक्षे आणि त्यांचा मेळ नाही. कोणी म्हणेल, मोजपट्टी खरी, स्त्रीचे म्हणणे भ्रम. हा निष्कर्ष घाईचा आहे. केसांची वाढ मंदावलेली दिसायला महिना अपुरा असतो. आणि शिवाय, त्रास हा ज्याचा त्यालाच कळतो. हनुवटीवरच्या केसांमुळे होणारा संकोच कमी झाला, याची साक्ष ती स्त्री सोडून दुसरे कोण देणार? मात्र तो संकोच पुदिन्यामुळेच कमी झाला, ही गोष्ट तिलाही दिसत नाही. अनुभव कार्याची साक्ष देतो, कारणाची नाही. एवढा भेद पाळला तर स्त्रीच्या अनुभवाचा अवमान न करताही औषधाची परीक्षा करता येते.

हा भेद का पाळायचा, याचे उत्तर रजोनिवृत्तीच्या काळातील अंगाच्या लाहीने दिले आहे. या त्रासावरील संप्रेरक-उपचारांच्या चाचण्यांत, औषध नसलेली दिसायला सारखी गोळी घेणाऱ्या स्त्रियांच्या गटातही लाहीचे झटके निम्म्याहून अधिक कमी झालेले आढळले. या स्त्रिया खोटे बोलत नव्हत्या. काही त्रास काळानुसार आपोआप ओसरतो. माणूस औषधाकडे वळतो तेच मुळात त्रास टिपेला असताना, म्हणून त्यानंतर उतारच दिसण्याचा संभव अधिक. कोणीतरी लक्ष देऊन ऐकते आहे, यानेही बरे वाटते. पाळीही अशीच आहे, कधी स्वतःहून चुकते आणि स्वतःहून येते. मधल्या काळात जे काही घेतले असेल त्याला श्रेय मिळते.

अनुमानाला आयुर्वेदात मोठी रचना आहे. रस, गुण, वीर्य आणि विपाक यांवरून द्रव्याचे कार्य ओळखायचे. ही रचना जिथे कमी पडते तिथे चरक प्रभाव मानतो. चित्रक आणि दंती यांचे रस, वीर्य, विपाक सारखे, तरी दंतीने जुलाब होतात आणि चित्रकाने होत नाहीत. हा दंतीचा प्रभाव. आपल्या सिद्धांताबाहेरची गोष्ट दिसली तर ती नाकारायची नाही, वेगळ्या नावाने नोंदवून ठेवायची, ही फार प्रामाणिक वृत्ती आहे. सुश्रुत याच विषयावर अधिक कठोर बोलतो. प्रत्यक्ष फळ दिसणाऱ्या औषधांची तर्काने छाननी करू नये. हजार हेतू दिले तरी जुलाब थांबवणाऱ्या अंबष्ठादी गणाने जुलाब होणार नाहीत, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. हे वचन चिकित्सेला बंदी म्हणून उद्धृत केले जाते. त्याचा दुसरा अर्थ अधिक सरळ आहे : नुसत्या युक्तिवादाने औषधाचा गुण बदलत नाही. आजच्या काळात हा इशारा प्रयोगशाळेतील अनुमानांनाही लागू होतो.

कारण आजचे अनुमानही तसेच मोहक आहे. वनस्पतींतील काही द्रव्ये इस्ट्रोजेनसारखी वागतात, हे निर्विवाद आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४० च्या दशकात क्लोव्हर नावाच्या द्विदल चाऱ्यावर वाढलेल्या मेंढ्या गाभण राहीनाशा झाल्या. चाऱ्यातील इस्ट्रोजेनसदृश द्रव्य त्याला कारण ठरले. वनस्पती प्राण्याच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करू शकते याचा याहून ठसठशीत पुरावा शोधावा लागत नाही. पण त्यावरून सोयाबीन किंवा शतावरी रजोनिवृत्तीतील स्त्रीला इस्ट्रोजेन पुरवेल, हे अनुमान पायऱ्या गाळून केलेले आहे. रानकंदांतील डायोस्जेनिनचे उदाहरण याहून बोलके. रसेल मार्कर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मेक्सिकोतील कंदांतल्या या द्रव्यापासून प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बनवले, आणि त्याच देशात १९५१ साली तयार झालेल्या नॉरएथिस्टेरॉनमुळे गर्भनिरोधक गोळी शक्य झाली. त्यावरून कंदाचा लेप लावला की शरीरात प्रोजेस्टेरॉन तयार होते, असा प्रचार सुरू झाला. तसे होत नाही. ते रूपांतर प्रयोगशाळेत होते. मानवी शरीरात ते घडवणारी यंत्रणाच नाही. अनुमानाची तिसरी फसगत नात्यावरून होते. युरोपातील व्हायटेक्स ॲग्नस-कास्टस या झुडपाच्या फळांचा पाळीपूर्व त्रासावर चांगला परिणाम दिसला आहे. आपली निरगुडी त्याच प्रजातीतली, पण वेगळी जाती आहे. एका बहिणीचा गुण दुसरीत गृहीत धरता येत नाही. निरगुडीची परीक्षा निरगुडीवरच व्हावी लागते.

उरली युक्ति. आजची तुलनात्मक चाचणी हे चरकाच्या युक्तीचे शिस्तबद्ध रूप आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये. अनेक कारणे एकत्र काम करत असताना त्यांपैकी एकाचा वाटा किती, हे शोधण्याची ती रीत आहे. दोन गट चिठ्ठ्या टाकल्यासारखे पाडायचे, बाकी सारे सारखे ठेवायचे, एकाला औषध द्यायचे, दुसऱ्याला द्यायचे नाही, आणि कोणाला काय मिळाले हे रोग्याला आणि तपासणाऱ्याला कळू द्यायचे नाही. या रीतीने व्हायटेक्सची परीक्षा २००१ मध्ये १७० स्त्रियांवर झाली. औषध घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के स्त्रियांचा त्रास निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झाला. बिनऔषधी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २४ टक्के होते. ब्लॅक कोहॉश ही उत्तर अमेरिकेतील मूळनिवासी लोकांची वनस्पती. रजोनिवृत्तीच्या त्रासावर तिची ख्याती जगभर पसरली. २०१२ पर्यंतच्या १६ चाचण्या आणि २०२७ स्त्रिया एकत्र पाहिल्यावर तिच्या बाजूने पुरेसा पुरावा सापडला नाही. एकीचा गुण टिकला, दुसरीचा टिकला नाही. दोघींच्या मागे परंपरा होती. परंपरेवरून कोणती टिकेल हे आधी सांगता आले नसते.

शतावरीचे प्रकरण अजून मिटलेले नाही. बाळंतिणीचे दूध वाढते का, याची चाचणी दिल्लीत झाली आणि १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. फरक दिसला नाही. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६० मातांवरील दुसऱ्या चाचणीत शतावरी घेणाऱ्यांचे प्रोलॅक्टिन हे दूध आणणारे संप्रेरक अधिक वाढले आणि बाळांचे वजनही. दोन प्रमाणे परस्परविरुद्ध बोलली तर काय करावे? मीमांसकांनी वेदवाक्यांच्या विरोधासाठी जे नियम बनवले त्यांतला पहिला विचार इथेही चालतो : दोन्ही वाक्ये खरोखर एकाच गोष्टीविषयी आहेत का ते आधी पाहावे. चाचणीतले औषध शुद्ध चूर्ण होते की मिश्रण, मात्रा किती, कोणत्या स्त्रिया निवडल्या, किती दिवस दिले, यांत फरक असला तर विरोध केवळ वरवरचा असतो. तो मिटवायला तिसरी, मोठी आणि नीट आखलेली चाचणी लागते. शतावरी भारतात इतकी वापरली जाते की अशी चाचणी करणे हे या देशाचेच कर्तव्य आहे.

आयुर्वेदाच्या बाजूने एक सयुक्तिक तक्रार असते. वैद्य रोगाला औषध देत नाही, रोग्याला देतो. प्रकृती, अग्नी, ऋतू पाहून योजना बदलतो. मग सर्वांना एकच गोळी देणारी चाचणी त्याला न्याय कशी देणार? ही तक्रार चाचणीच्या एका प्रकाराविरुद्ध आहे, चाचणीविरुद्ध नव्हे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोइम्बतूरच्या अभ्यासात संधिवाताच्या ४३ रुग्णांना वैद्यांनी प्रत्येकाप्रमाणे वेगळी चिकित्सा दिली, तरीही कोणाला खरे आयुर्वेदिक औषध आणि कोणाला मेथोट्रेक्सेट हे आधुनिक औषध मिळते आहे हे झाकलेले राहिले. काम कष्टाचे आहे, पण होऊ शकते. पीसीओएससाठी तसे करायला तत्त्वाची आडकाठी नाही. आडकाठी पैशाची आणि इच्छेची आहे.

या साऱ्या चर्चेच्या मुळाशी एक मूल्य दडलेले असते : वनस्पती नैसर्गिक, म्हणून सौम्य आणि निर्धोक. चरकाला हे मान्य नव्हते. न जाणलेले औषध विष, शस्त्र, अग्नी आणि वीज यांसारखे, असे तो सांगतो. घराघरांत खोकल्यासाठी चघळले जाणारे ज्येष्ठमध याचे उत्तम उदाहरण आहे. इटलीतील ९ निरोगी तरुणींना रोज साडेतीन ग्रॅम ज्येष्ठमध दोन पाळ्यांपर्यंत दिले तेव्हा त्यांचे टेस्टोस्टेरॉन उतरले. पीसीओएसच्या दृष्टीने हे आशादायक. तेच ज्येष्ठमध जास्त आणि दीर्घकाळ घेतले तर शरीरातले पोटॅशियम घटते आणि रक्तदाब चढतो, आणि हाही संप्रेरकांच्या वाटेनेच होणारा परिणाम आहे. अश्वगंधाने थायरॉइडचे संप्रेरक वाढू शकते. ज्या स्त्रीचे ते आधीच जास्त आहे तिला ती अपाय करील. डेन्मार्कने २०२३ मध्ये अश्वगंधावर बंदी घातली. ती बंदी अतिरेकी आहे असे अनेकांचे मत आहे, पण जे द्रव्य संप्रेरक हलवू शकते ते दोन्ही दिशांना हलवू शकते, हे तत्त्व त्यामुळे बदलत नाही. उलट बाजूही ध्यानात ठेवावी. २००२ मध्ये अमेरिकेत १६,६०८ स्त्रियांवरील मोठी चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली, कारण इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण वाढलेले दिसले. त्या गोळीतील इस्ट्रोजेन गाभण घोड्यांच्या मूत्रापासून काढलेले, म्हणजे पूर्णपणे नैसर्गिक होते. दुसरीकडे पीसीओएसमध्ये दिले जाणारे मेटफॉर्मिन कारखान्यात बनते, पण त्याची वंशावळ गॅलेगा या युरोपातील चाऱ्याच्या झुडपापर्यंत जाते. नैसर्गिक आणि कृत्रिम ही विभागणी औषधाच्या गुणदोषांविषयी काहीच सांगत नाही.

आणि मुळात विकार कशाला म्हणायचे? सुश्रुताने पाळी बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि पन्नाशीला थांबते असे सांगितले. थांबण्याचे कारण त्याने देहाचे पिकणे हे दिले, रोग हे नाही. भूक, तहान, झोप, जरा आणि मृत्यू यांना त्याने स्वभावातून येणारी दुःखे म्हणून वेगळे काढले. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या अमेरिकी डॉक्टरने लिहिलेल्या लोकप्रिय पुस्तकात रजोनिवृत्ती हा इस्ट्रोजेनच्या अभावाचा रोग ठरवला गेला आणि कोट्यवधी स्त्रिया रातोरात रोगी झाल्या. आज तीच भूमिका वनौषधींच्या बाजारानेही उचलली आहे. सुश्रुताचा भेद इथे उपयोगी आहे, पण तो निष्ठुरपणे वापरू नये. स्वाभाविक म्हणून त्रास सहन करावा, असे त्यातून निघत नाही. झोप उडवणारी लाही स्वाभाविक असली तरी तिच्यावर उपाय मागण्याचा स्त्रीला पूर्ण हक्क आहे. उपाय मात्र त्रासावर असावा, वयावर नाही.

वनस्पतीच खरी नसेल तर सारी प्रमाणे व्यर्थ होतात. औषधातला अशोक म्हणजे सीतेचा अशोक, नारिंगी-लाल फुलांचा. रस्त्याकडेला उंच सरळ वाढणारा अशोक निराळ्याच कुळातला आहे, आणि त्याच्या सालीची भेसळ सीतेच्या अशोकात होते हे अनेकदा नोंदवले गेले आहे. खऱ्या अशोकाची झाडे जंगलात विरळ झाली आहेत. साल काढण्यासाठी ती सोलली जातात आणि मरतात. जागतिक यादीत या जातीची नोंद असुरक्षित म्हणून झाली आहे. एखाद्या स्त्रीला अशोकारिष्टाने गुण आला नाही, तर अशोक निरुपयोगी की बाटलीत अशोकच नव्हता, हे सांगता येत नाही. गुण आला तरी तीच अडचण.

म्हणून मागणी नेमकी असावी. ग्रंथोक्त औषधांना परवाना राहू द्यावा, पण वेष्टनावर कोणत्या दाव्यामागे ग्रंथ आहे आणि कोणत्या दाव्यामागे चाचणी, हे वेगवेगळे छापले जावे. शतावरी, अशोक, लोध्र आणि बाळंतशोपा यांच्या, ओळख पटवलेल्या वनस्पतींवरच्या मोठ्या चाचण्या सार्वजनिक पैशातून व्हाव्यात. तोवर ज्या स्त्रिया ही औषधे घेतात त्यांनी ती आपल्या डॉक्टरला सांगावीत, विशेषतः थायरॉइडच्या, रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर. गर्भारपणात ती स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. आणि रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्त गेले तर कोणताही काढा सुरू करण्याआधी गर्भाशयाची तपासणी करून घ्यावी, कारण ते कर्करोगाचे पहिले लक्षण असू शकते.